एका रोगनामाची फोड : लेप्टोस्पायरोसिस

पावसाळा सुरू झाला की कोकणापासून मुंबईपर्यंतच्या आरोग्य यंत्रणेच्या पत्रकांतून, वृत्तपत्रांतून आणि ग्रामसभांतील सूचनांतून एक लांबलचक शब्द पुनःपुन्हा भेटू लागतो. तो शब्द म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. दिनांक २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मुंबई महानगर पाण्याखाली गेले आणि त्या पाण्यातून वाट काढणाऱ्या नागरिकांमध्ये पुढील आठवड्यांत या रोगाची साथ उद्भवली. तेव्हापासून हे नाव सामान्य माणसाच्या कानावर पडलेले आहे. परंतु कानावर पडणे आणि कळणे यांत अंतर असते. हे नाव घेताना पुष्कळांची जीभ अडखळते. म्हणून बहुतेक जण केवळ 'लेप्टो' एवढ्यावरच भागवतात.

शाळेतील शिक्षक, आरोग्य सेवक, सरपंच आणि पंचायत सदस्य यांना हा शब्द इतरांना सांगावा लागतो. ज्यास दुसऱ्यास सांगावयाचे आहे त्याला शब्दाची घडण ठाऊक असणे उपयुक्त ठरते. ग्रीक भाषेच्या साहाय्याने घडविलेल्या शास्त्रीय संज्ञा वरकरणी अवघड वाटल्या, तरी त्यांची रचना बव्हंशी नियमबद्ध असते. एका शब्दाची नीट फोड केली, तर तशाच अनेक शब्दांची उकल होऊ शकते. लेप्टोस्पायरोसिस या शब्दाची तीन प्रकारे फोड करता येते : लिपीनुसार, उच्चारानुसार आणि अर्थानुसार.

सात, पाच आणि तीन

देवनागरीत हा शब्द लिहिला असता त्यात ले, प्टो, स्पा, य, रो, सि, स अशी सात अक्षरे दिसतात. ही लिपीतील मोजणी होय. मात्र उच्चार करताना तोंडातून सात तुकडे बाहेर पडत नाहीत. एका स्वराभोवती जमणारा आणि एकाच प्रयत्नात उच्चारला जाणारा ध्वनिसमूह म्हणजे उच्चारखंड, असे मानले तर या शब्दात लेप्, टो, स्पाय, रो, सिस असे पाचच खंड आहेत. 'प्' हा व्यंजनध्वनी लिपीत 'टो'ला जोडलेला असला, तरी उच्चारात तो मागील 'ले'ला जाऊन मिळतो. 'स्पाय'मधील 'आय' हा संयुक्त स्वर एकच धरला जातो, आणि शेवटचा 'स' स्वरहीन असल्याने त्याचा वेगळा खंड होत नाही.

अर्थाच्या दृष्टीने पाहिल्यास या शब्दाचे तीन घटक पडतात : लेप्टो, स्पायर आणि ओसिस. येथे एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. उच्चाराचे तुकडे जेथे पडतात, तेथेच अर्थाचे तुकडे पडतात असे नाही. 'रो' हा उच्चारखंड एक आहे. परंतु त्यातील 'र्' हा मधल्या घटकाचा आणि 'ओ' हा शेवटच्या घटकाचा आहे. मराठी वाचकाला याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. 'जलाशय' हा शब्द आपण ज-ला-शय असा उच्चारतो, पण त्याचा अर्थ 'जल' आणि 'आशय' असे दोन घटक केल्यावरच लागतो. संधीमध्ये दोन घटकांची सीमा एकाच अक्षरात लोपते, हा आपल्या व्याकरणातील नित्याचा अनुभव आहे. ग्रीक समासांतही तेच घडते. सात, पाच व तीन या तिन्ही मोजण्या आपापल्या जागी बरोबर आहेत. शुद्धलेखन शिकविताना पहिली, उच्चार शिकविताना दुसरी आणि अर्थ सांगताना तिसरी वापरावी.

घटकांचा अर्थ

'लेप्टॉस' या ग्रीक विशेषणाचा अर्थ बारीक, पातळ, सूक्ष्म असा आहे. सोलणे या अर्थाच्या 'लेपेइन' या क्रियापदापासून ते सिद्ध झाले. टरफल काढल्यावर जे नाजूक उरते ते लेप्टॉस, अशी मूळ कल्पना. ग्रीसमध्ये 'लेप्टॉन' नावाचे एक लहान नाणे होते. आधुनिक काळात ते एका द्राख्माचा शंभरावा भाग होते. भौतिकशास्त्रात इलेक्ट्रॉनसारख्या हलक्या कणांच्या वर्गाला १९४८ साली 'लेप्टॉन' हेच नाव देण्यात आले. समासात हे विशेषण 'लेप्टो' असे रूप घेते. थर्मो, फोटो, हायड्रो यांच्या अंती दिसणारा ओकार हा अशाच प्रकारचा समासातील दुवा होय.

दुसरा घटक 'स्पेइरा' म्हणजे वेटोळे, पीळ, गुंडाळी. लॅटिन भाषेत त्याचे 'स्पायरा' झाले आणि त्यावरूनच 'स्पायरल' हा सर्वपरिचित शब्द आला. फुप्फुसांची क्षमता मोजणाऱ्या 'स्पायरोमीटर' या उपकरणाच्या नावातही 'स्पायरो' आहे. परंतु ते श्वास घेणे या अर्थाच्या 'स्पिराऱे' या लॅटिन धातूपासून आलेले आहे. दिसण्यात सारखे असलेले दोन घटक मुळात निराळे असू शकतात. लेप्टोस्पायरोसिसमधील 'स्पायरो'चा संबंध श्वासाशी जोडून हा फुप्फुसाचा रोग आहे असे कोणी सांगू लागल्यास ते चुकीचे ठरेल. गंभीर रुग्णांत फुप्फुसांतून रक्तस्राव होऊ शकतो हे खरे. पण नावाचा त्याच्याशी संबंध नाही.

या दोन घटकांपासून 'लेप्टोस्पायरा', म्हणजे बारीक पिळाचा, हे जंतूचे नाव तयार झाले. ते किती यथार्थ आहे हे जंतूच्या मापांवरून समजते. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी असते आणि मळसूत्रासारखा पीळ असलेले त्याचे शरीर टोकाशी आकड्यासारखे वळलेले असते. साध्या प्रकाशातील सूक्ष्मदर्शकाखाली तो सहजी दिसत नाही. त्यासाठी काळ्या पार्श्वभूमीवर वस्तू उजळून दाखविणारी विशेष रचना लागते.

तिसरा घटक 'ओसिस'. ग्रीक भाषेत क्रिया किंवा तिच्यामुळे प्राप्त होणारी अवस्था दाखविणारा हा प्रत्यय वैद्यकशास्त्राने रोगावस्था दाखविण्यासाठी स्वीकारला. 'लेप्टोस्पायरा'तील अंत्य 'आ' गळून त्या जागी 'ओसिस' येतो, आणि 'बारीक पिळाच्या जंतूमुळे होणारी रोगावस्था' असा अर्थ सिद्ध होतो. म्हणजे या एका शब्दात जंतूचा आकार आणि त्याच्यामुळे जडणारा विकार या दोन्ही गोष्टी सामावलेल्या आहेत.

नावाचा इतिहास

जर्मन वैद्य आडोल्फ वाइल यांनी १८८६ साली ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड एकत्र दिसणाऱ्या एका रोगाचे वर्णन केले. त्यावरून या रोगाच्या तीव्र प्रकाराला वाइलचा रोग म्हणतात. पुढे १९०७ साली अमेरिकेतील स्टिमसन यांना, पीतज्वराने दगावला असे समजल्या गेलेल्या रुग्णाच्या मूत्रपिंडात हे पिळदार जंतू दिसले. त्यांचा आकार प्रश्नचिन्हासारखा वाटल्यावरून त्यांनी जंतूच्या नावात 'इंटेरोगान्स', म्हणजे प्रश्न विचारणारा, हा लॅटिन शब्द योजला. जपानमध्ये इनाडा व इडो या संशोधकांनी १९१५ च्या सुमारास वाइलच्या रोगाचे कारण म्हणून हा जंतू निश्चित केला. त्यानंतर हिदेयो नोगुची यांनी १९१७ साली 'लेप्टोस्पायरा' हे प्रजातिनाम सुचविले व ते रूढ झाले.

जपानी संशोधकांनी जंतूला दिलेले विशेषणही ग्रीक घटकांचेच आहे. 'इक्टेरोहीमोऱ्हेजिई' या भयंकर दिसणाऱ्या शब्दात 'इक्टेरॉस' म्हणजे कावीळ, 'हायमा' म्हणजे रक्त आणि 'ऱ्हेग्निनाय' म्हणजे फुटणे असे तीन घटक आहेत. कावीळ आणि रक्तस्राव घडविणारा, असा त्याचा सरळ अर्थ. यातील 'हायमा' हा घटक ज्याला ओळखता आला त्याला 'ॲनिमिया' हा शब्दही परका राहत नाही. त्यातील आरंभीचा 'अन्' हा अभावदर्शक असून संस्कृतातील 'अनादि', 'अनर्थ' या शब्दांतील 'अन्'चा तो सख्खा भाऊबंद आहे. ग्रीक व संस्कृत या एकाच भाषाकुलातील भगिनी असल्याने अशी साम्ये ठिकठिकाणी आढळतात. यकृताच्या दाहास 'हेपाटायटिस' म्हणतात. त्यातील 'हेपार' आणि आपला 'यकृत्' हे शब्दही एकाच मूळ शब्दाची रूपे आहेत.

आघात कोठे द्यावा?

इंग्रजीत उच्चारल्या जाणाऱ्या प्रत्येक दीर्घ शब्दात एका खंडावर मुख्य जोर असतो. लेप्टोस्पायरोसिसमध्ये तो चौथ्या खंडावर, म्हणजे 'रो'वर पडतो. पहिल्या 'लेप्'वर दुय्यम जोर असतो. 'लेप्टोस्पायरा' या जंतुनामात मात्र मुख्य जोर 'स्पाय'वर आहे. प्रत्यय लागताच जोर पुढे सरकतो. हे असे का घडते?

याचे उत्तर लॅटिन भाषेच्या एका जुन्या नियमात आहे आणि वृत्ते शिकलेल्या मराठी माणसाला तो नियम चटकन समजेल. उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा खंड गुरू असेल, तर आघात त्याच्यावर. तो लघू असेल, तर आघात त्याच्याही आधीच्या खंडावर. ग्रीक शब्द लॅटिनमार्गे युरोपीय भाषांत आले तेव्हा त्यांनाही हाच नियम लावला गेला. 'ओसिस'मधील 'ओ' हा ग्रीक वर्णमालेतील ओमेगा, म्हणजे दीर्घ ओकार आहे. तो गुरू असल्याने आघात त्याच्यावरच थांबतो. म्हणून ट्युबर्क्युलोसिसमध्ये 'लो', सिलिकोसिसमध्ये 'को' आणि फ्लुओरोसिसमध्ये 'रो' या खंडांवर जोर येतो. दाहदर्शक 'आयटिस' या प्रत्ययातही उपान्त्य स्वर दीर्घ आहे. म्हणून हेपाटायटिसमध्ये 'टाय'वर जोर पडतो.

याउलट 'फोटोसिंथेसिस' हा शब्द पाहावा. त्यातील 'फोटो' म्हणजे प्रकाश, 'सिन्' म्हणजे एकत्र आणि 'थेसिस' म्हणजे मांडणे. येथे उपान्त्य 'थे'मधील स्वर मूळ ग्रीकमध्ये ऱ्हस्व आहे. तो लघू असल्याने आघात मागे सरकून 'सिन्'वर जातो. बायॉलॉजी, जिऑलॉजी या शब्दांतही उपान्त्य 'लॉ' लघू असल्याने त्याच्या आधीच्या 'ऑ'वर जोर येतो. नियमाला अपवादही आहेत. 'मेटामॉर्फोसिस' या शब्दात उपान्त्य स्वर दीर्घ असूनही प्रचलित इंग्रजी उच्चारात 'मॉर्'वर जोर देतात.

खुद्द ग्रीक भाषेत आघाताचा नियम याहून वेगळा आहे. आजच्या ग्रीसमध्ये या रोगाचे नाव 'लेप्टोस्पीरोसी' असे उच्चारतात आणि जोर 'स्पी'वर देतात. म्हणजे शब्दाचे घटक ग्रीक असले, तरी 'रो'वरचा जोर ही लॅटिन परंपरेची व इंग्रजी वापराची देणगी आहे. यास्तव अमुक एक आघात हाच मूळचा व म्हणून शुद्ध, असा आग्रह धरण्यास भाषाशास्त्रीय आधार नाही.

मराठीची प्रकृती आणखी निराळी आहे. आघात एका खंडावरून दुसऱ्यावर हलविल्याने मराठी शब्दाचा अर्थ पालटत नाही. आपल्याकडे आघाताचा विचार होतो तो मुख्यतः जोडाक्षराच्या संदर्भात. 'पुष्प' या शब्दात 'ष्प'च्या आधीच्या 'पु'वर आघात येतो आणि म्हणून तो गुरू होतो. 'कुऱ्हाड' या शब्दात 'कु'वर तसा आघात येत नाही व तो लघूच राहतो, हे शालेय व्याकरणात शिकविले जाते. या सवयीने मराठी माणूस लेप्टोस्पायरोसिस म्हणताना 'प्ट'च्या आधीच्या 'ले'वर सहजच जोर देतो आणि पुढील खंड जवळजवळ समान वजनाने उच्चारतो. तसे करण्यात काहीही कमीपणा नाही. पाचही खंड स्पष्ट उमटले म्हणजे मराठी संभाषणापुरता उच्चार पुरेसा झाला. एखादा खंड गाळणे मात्र टाळले पाहिजे. 'लेप्टोसिस' किंवा 'स्पायरोसिस' म्हटल्याने ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो, आणि दूरध्वनीवरून माहिती कळविताना असा गोंधळ परवडणारा नसतो.

आखूड नावाचा धोका

'लेप्टो' हे संक्षिप्त रूप बोलण्यास सोयीचे आहे आणि ते आता रुळलेही आहे. परंतु त्याचा शब्दशः अर्थ केवळ 'बारीक' एवढाच होतो. जंतूचा बोध करून देणारा आणि रोग सुचविणारा असे दोन्ही घटक त्यातून गळतात. याखेरीज त्यात एक खरा धोका आहे. कुष्ठरोगास इंग्रजीत 'लेप्रसी' म्हणतात. 'लेप्टो' आणि 'लेप्रसी' यांचा आरंभ सारखा आहे, आणि हे साम्य निव्वळ योगायोगाचे नाही. 'लेप्रा' हा ग्रीक शब्दही सोलणे या अर्थाच्या त्याच 'लेपेइन' धातूपासून आलेला आहे. त्वचेचे पापुद्रे निघणारा विकार, असा त्याचा मूळ अर्थ होता.

शब्द एका मुळाचे असले, तरी रोग सर्वस्वी भिन्न आहेत. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतील हान्सेन यांनी १८७३ साली शोधला. तो शरीरात अतिशय मंद गतीने वाढतो. रोगाची लक्षणे दिसण्यास कित्येक वर्षेही लागू शकतात. लेप्टोस्पायरोसिसची लक्षणे साधारणतः ५ ते १४ दिवसांत प्रकट होतात. कुष्ठरोग हा उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या निकट व दीर्घकाळच्या सहवासातून पसरू शकतो. लेप्टोस्पायरोसिस हा सहसा माणसाकडून माणसाला होतच नाही. दोन्ही रोग औषधोपचाराने बरे होतात. असे असता केवळ नावाच्या साम्यामुळे तापाच्या रुग्णाकडे कुष्ठरोगी म्हणून पाहिले जावे, किंवा त्या भीतीने त्याने दवाखान्यात जाणेच टाळावे, ही गोष्ट घातक ठरेल. एका दिवसाचा विलंबही ज्या रोगात महागात पडू शकतो, तेथे नावाचा गैरसमज हा क्षुल्लक प्रश्न राहत नाही. म्हणूनच ग्रामसभेत माहिती देताना प्रारंभी एकदा तरी पूर्ण नाव सांगावे, त्याचा अर्थ उलगडावा आणि कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही हे निःसंदिग्ध शब्दांत स्पष्ट करावे.

नाव काय सांगते, काय सांगत नाही

मराठीत कित्येक रोगांना अर्थवाही नावे आहेत. हिवताप म्हटले की थंडी वाजून येणारा ताप डोळ्यांसमोर येतो. हत्तीरोग म्हटले की सुजलेला पाय दिसतो. तरीही नाव म्हणजे रोगाचे संपूर्ण ज्ञान नव्हे. 'मलेरिया' या इटालियन शब्दाचा अर्थ 'दूषित हवा' असा आहे. हवेमुळे हा ताप येतो अशी पूर्वी समजूत होती. डासांमुळे तो पसरतो हे सिद्ध झाल्यावरही नाव तेच राहिले. लेप्टोस्पायरोसिस हे नाव जंतूच्या आकाराबाबत अचूक आहे. पण तो कोठून येतो आणि कसा टाळावा याविषयी ते मौन पाळते. ती उणीव माहिती देणाऱ्याने भरून काढावयाची असते.

उंदीर, घुशी, तसेच गुरे, डुकरे व कुत्री यांच्या मूत्रावाटे हे जंतू बाहेर पडून पाण्यात व ओल्या मातीत मिसळतात. पायावरील जखम, भेगा, खरचटलेली त्वचा, डोळे, नाक व तोंड यांचा अशा पाण्याशी संबंध आला की ते शरीरात शिरतात. भातलावणी करणारे शेतकरी व शेतमजूर, गोठ्यात राबणाऱ्या स्त्रिया, गटारांची सफाई करणारे कामगार आणि पुराच्या पाण्यातून चालणारे नागरिक यांना त्याचा धोका अधिक असतो. अचानक येणारा ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी, विशेषतः पोटऱ्यांतील वेदना आणि डोळे लाल होणे ही प्रारंभीची लक्षणे होत. वेळीच उपचार न झाल्यास कावीळ, मूत्रपिंडाचा बिघाड आणि रक्तस्राव होऊन रुग्ण दगावू शकतो. चिखलात अथवा साचलेल्या पाण्यात काम केल्यानंतर ताप आल्यास अंगावर न काढता ताबडतोब प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि आपण पाण्यात काम केल्याचे वैद्यकीय अधिकाऱ्यास आवर्जून सांगावे. प्रतिबंधक गोळ्या वैद्यकीय सल्ल्यानेच घ्याव्यात. शक्य तेथे गमबूट वापरणे, जखमा झाकणे, काम संपताच हातपाय स्वच्छ धुणे, आणि कचरा व सांडलेले धान्य हटवून उंदरांचा उपद्रव कमी करणे हे उपाय गावपातळीवर योजता येतात.

वर्गात आणि चावडीवर

शिक्षकांना हा शब्द फळ्यावर तीन ओळींत मांडता येईल. पहिल्या ओळीत सात अक्षरे, दुसऱ्या ओळीत पाच उच्चारखंड आणि तिसऱ्या ओळीत तीन अर्थघटक लिहावेत. विद्यार्थ्यांनी पाच खंड टाळीच्या ठेक्यावर म्हणावेत आणि नंतर 'ओसिस'ने संपणारे इतर शब्द शोधून काढावेत. दगडखाणीतील धुळीमुळे होणारा सिलिकोसिस आणि फ्लोराइडचे प्रमाण अधिक असलेल्या पाण्यामुळे होणारा फ्लुओरोसिस हे शब्द त्या परिसरातील मुलांनी कदाचित घरीच ऐकलेले असतील. अशा रीतीने भाषेचा तास, विज्ञानाचा तास आणि आरोग्यशिक्षण यांची सांगड सहज घालता येते.

पंचायत सदस्यांचे काम याहून सोपे, पण तितकेच महत्त्वाचे आहे. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत सूचनापत्र वाचून दाखविताना नाव पूर्ण व सावकाश उच्चारावे, त्याचा मराठीत अर्थ सांगावा आणि मगच दक्षतेचे उपाय सांगावेत. नाव समजले म्हणजे नावाची भीती ओसरते. शेतातून तापाने फणफणून परतलेला माणूस त्याच दिवशी आरोग्य केंद्राची पायरी चढला, तर ही माहिती देण्यामागील हेतू सफल झाला असे म्हणता येईल.